गोव्याहून लंडनला बिझनेस क्लासने: विमान कंपन्यांची तुलना कशी करायची

चवथ (गणेशचतुर्थी) संपली की ओळखीच्या घरांतून विचारणा सुरू होते. मुलगा स्विंडनला असतो, मुलगी साउथॉलला किंवा वेम्ब्लीला. आईबाबांना तिकडे न्यायचंय, गुडघे कुरकुरतात, थोडे पैसे बाजूला ठेवलेत, तेव्हा या खेपेला बिझनेस क्लासच काढू असं ठरतं. मग प्रश्न येतो: कुठली एअरलाइन चांगली?

नुसत्या कंपनीच्या नावावर याचं उत्तर देता येत नाही. एअर इंडियाचंच बघा. तिच्या ए३५० विमानात बिझनेसचे २८ कक्ष आहेत, प्रत्येकाला सरकतं दार आणि प्रत्येकाला थेट आइल, म्हणजे येण्याजाण्याची मोकळी वाट. त्याच कंपनीच्या जुन्या बोइंग ७७७ मध्ये सीट दोन-तीन-दोन अशा ओळीत, म्हणजे खिडकीशी बसलेल्याने उठायचं तर शेजाऱ्याचे पाय ओलांडायचे. कंपनी एक आणि तिकिटावरचा शब्दही एक, पण रात्र अगदी वेगळी. एमिरेट्स, ब्रिटिश एअरवेज, टर्किश यांच्या ताफ्यांतही असाच फरक सापडतो. म्हणून तुलना करायची ती त्या तारखेच्या, त्या फ्लाइटच्या सीटची, आणि ती फ्लाइट गोव्याशी कशी जोडली जाते याची. गोवेकरांना ही दुसरी बाजू जास्त छळते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

गोव्यातून निघायच्या वाटा

एअर इंडियाची मोपा ते लंडनचं गॅटविक ही थेट सेवा २०२५ च्या मध्यात थांबवण्यात आली. जुन्या आठवणीवर विसंबून कुणी ‘थेट विमान आहे की’ म्हणालं, तर आधी त्या तारखांना ते खरंच दिसतंय का ते पाहा. ते नसेल तर तीन वाटा उरतात.

पहिली दोहामार्गे. कतार एअरवेज जून २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळाहून मोपाच्या विमानतळावर गेली. इथे इमिग्रेशन गोव्यातच उरकतं, बॅगा थेट लंडनला लागतात आणि मुंबईची धावपळ पूर्ण टळते. वयस्कर माणसांसाठी ही फार मोठी सोय आहे. उणी बाजू अशी की झोपेचे दोन तुकडे होतात: गोवा ते दोहा साधारण चार तास, दोहा ते लंडन साधारण सात. पहिल्या टप्प्याला ए३२० सारखं लहान विमान आलं, तर बिझनेसच्या सीट दोन-दोनच्या जोडीने असतात. जाहिरातीतला क्यूस्वीट, म्हणजे कतारचा दार असलेला कक्ष, तिथे नसतो.

दुसरी मुंबईमार्गे. मुंबईहून लंडनच्या हीथ्रो विमानतळाला एअर इंडिया, ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक थेट जातात. साडेनऊ-दहा तासांचा सलग टप्पा मिळतो आणि झोपणाऱ्याला तोच हवा असतो. पण गोवा ते मुंबई हा तासाभराचा टप्पा सगळा बेत उधळू शकतो. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर मुंबईत बॅगा घ्या, बाहेर या, पुन्हा चेक-इन करा. आणि पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं, तर त्याची जबाबदारी कुणीच घेत नाही. टर्मिनलही तपासायला हवं. लंडनची विमानं सहारच्या टर्मिनल २ वरून सुटतात. गोव्याचं विमान सांताक्रूझच्या टर्मिनल १ ला उतरलं तर मधला प्रवास रस्त्याने करावा लागतो. शिवाय २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. स्वस्त दिसलं म्हणून तिथलं तिकीट काढाल, तर बॅगांसह खाडी ओलांडून सहारला यावं लागेल. तिकीट काढताना ‘मुंबई’ एवढा शब्द वाचून पुढे जाऊ नका, विमानतळाचा कोड वाचा: बीओएम म्हणजे जुना, एनएमआय म्हणजे नवी मुंबई.

हे टाळायचं तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर हवेत. एअर इंडियाकडे ते सहज होतं. व्हर्जिनचा इंडिगोशी कोडशेअर, म्हणजे एकमेकांची तिकिटं विकायचा करार आहे, त्यामुळे गोवा–मुंबई इंडिगोने आणि पुढे व्हर्जिनने असं एकच तिकीट निघू शकतं. रेल्वेने मुंबई गाठायचा विचार असेल तर आदल्या दिवशी पोचा आणि रात्र तिथे काढा. वंदे भारत असो वा कोकणकन्या, पावसाळ्यात कोकण रेल्वेवर त्याच दिवशीच्या लंडन विमानाची भिस्त ठेवू नये.

तिसरी वाट दिल्लीमार्गे. एअर इंडियाचं ए३५० दिल्ली–हीथ्रो मार्गावर २०२४ च्या सप्टेंबरपासून उडू लागलं, म्हणून तिकडे ओढा असतो. गोव्याहून आधी अडीच तास उत्तरेला जायचं आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याला तोंड द्यायचं, हे मला आईबाबांसाठी पटत नाही. एकट्या तरुण माणसाने चांगल्या सीटसाठी जरूर जावं.

फ्रँकफर्ट, इस्तंबूल, दुबई, अबू धाबी या वाटाही आहेत, पण त्या बहुतेक मुंबईहूनच सुरू होतात. म्हणजे मुंबईचा त्रास आणि वर आणखी एक थांबा. दर खूप कमी असेल तरच त्यांचा विचार करा, आणि भारतीय पासपोर्टला तिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते तिकिटाआधी पाहा. एकाच घरात कुणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि कुणाकडे भारतीय असं गोव्यात सर्रास असतं. अशा वेळी नियम प्रत्येकाच्या पासपोर्टप्रमाणे वेगळा तपासावा लागतो.

लंडनमध्ये कुठे उतरायचं हेही आत्ताच ठरवा. स्विंडनला जाणाऱ्याला एम४ महामार्गामुळे हीथ्रो सोयीचं. गॅटविक त्याला आडवळणी पडतं.

विमान कुठलं ते शोधा

गूगल फ्लाइट्सवर गाव, तारीख आणि बिझनेस क्लास निवडा. प्रत्येक निकाल उघडला की टप्प्याटप्प्याने विमानाचा प्रकार दिसतो: बोइंग ७८७-९, एअरबस ए३५०-१०००, असं. हा प्रकार आणि फ्लाइट नंबर दोन्ही वहीत लिहा. मग विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर तोच नंबर टाका. मागच्या काही दिवसांत प्रत्यक्षात कुठलं विमान आलं ते कळतं. वेळापत्रकात एक आणि धावपट्टीवर दुसरं, असं वारंवार दिसत असेल तर त्या सीटच्या भरवशावर जास्तीचे पैसे मोजू नका.

नंतर एअरोलोपा नावाच्या संकेतस्थळावर त्या कंपनीच्या त्या विमानाचा नकाशा उघडा. तिथे सीट प्रमाणात काढलेल्या असतात: खिडकी नेमकी कुठे येते, सीट कोणत्या दिशेला तोंड करून आहे, शौचालय किती जवळ आहे. एकाच कंपनीकडे एकाच प्रकारच्या विमानाच्या दोन-तीन मांडण्या असू शकतात. तसं असेल तर कंपनीच्या स्वतःच्या साइटवर सीट निवडायच्या पानापर्यंत जा आणि तिथला नकाशा कशाशी जुळतो ते बघा. एवढं करायला अर्धा तास लागतो, पण तुलनेचं खरं काम हेच.

सीटचा नकाशा वाचताना

सगळ्यात आधी आडवी ओळ मोजा. एक-दोन-एक असेल तर प्रत्येकाला आइल मिळते. दोन-दोन-दोन किंवा दोन-तीन-दोन असेल तर कुणीतरी अडकणार. जोडप्याला दोन-दोन-दोनची मधली जोडी चालते, कारण तिथे दोघांनाही आपापली आइल असते. खिडकीची जोडी मात्र वयस्करांना देऊ नका. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसाला अंधारात, झोपलेल्या माणसाच्या आडव्या पलंगावरून पाय टाकून जायचं म्हणजे शिक्षा आहे. आई तसं करणार नाही, ती पाणीच प्यायची बंद करेल, आणि दहा तास पाणी न पिता बसणं तिच्या पायांना वाईट.

मग मांडणीची जात. कतारचा क्यूस्वीट २०१७ मध्ये आला: दार असलेला कक्ष, एक-दोन-एक, आणि मधल्या काही जोड्यांचा मिळून दुहेरी पलंग होतो. जोडप्याने हा मागून घ्यावा. पण त्यातल्या काही सीट विमानाच्या शेपटीकडे तोंड करून असतात. बसमध्ये उलट्या सीटवर ज्याला मळमळतं, त्याच्यासाठी नकाशातली दिशा बघून सीट घ्या. शिवाय कतारच्या सगळ्या विमानांत क्यूस्वीट नाही. ७७७ आणि ए३५० च्या बऱ्याच विमानांत तो मिळतो. ७८७-८ मध्ये दार नसलेली तिरकी सीट, ए३८० मध्येही तशीच. दोहा–हीथ्रोला दिवसाला अनेक फ्लाइट असतात, तेव्हा निवडायला वाव असतो.

ब्रिटिश एअरवेज २०१९ पासून ‘क्लब स्वीट’ बसवत आली आहे, एक-दोन-एक आणि दार. काही विमानांत मात्र जुनी मांडणी उरली आहे, जिथे शेजारी समोरासमोर तोंड करून बसतात आणि खिडकीवाल्याला दुसऱ्याच्या पायांवरून जावं लागतं. या दोन्हींचा दर पडद्यावर सारखाच दिसू शकतो. व्हर्जिनच्या ७८७-९ मध्ये ओळ एक-एक-एक, सगळ्यांना आइल, पण सीट खिडकीकडे पाठ करून तिरकी. पलंग करायचा तर उठून उभं राहावं लागतं आणि कर्मचारी पाठीचा भाग उलटून गादी घालतात. पुन्हा बसायचं तर पुन्हा उठा. गुडघेदुखीवाल्यांनी याचा विचार करावा. त्यांना बटण दाबून आहे तिथेच आडवी होणारी सीट बरी.

एमिरेट्सच्या ए३८० मध्ये एक-दोन-एक मिळते, तर जुन्या ७७७ मध्ये दोन-तीन-दोन. काही ७७७ आता नव्या एक-दोन-एकने बदलून निघत आहेत. टर्किशचं तसंच: ए३५० आणि ७८७-९ चांगली, ७७७ दोन-तीन-दोनवाली.

आता ज्याकडे सहसा कुणी बघत नाही ती गोष्ट, पाय घालायची पोकळी. आडवं झाल्यावर तुमची पावलं पुढच्या सीटच्या बाजूच्या टेबलाखालच्या कप्प्यात जातात. काही विमानांत हा कप्पा इतका अरुंद असतो की दोन्ही पावलं एकमेकांवर ठेवावी लागतात, कूस बदलताना गुडघा वरच्या फळीला लागतो आणि अंगठा कडेला घासतो. पलंगाची लांबी कागदावर साडेसहा फूट असते, पण शेवटचा दीड फूट या पोकळीत असतो. पहिल्या रांगेतल्या सीटना बहुतेक विमानांत ही पोकळी मोठी मिळते, कारण पुढे दुसरी सीट नसते. उंच माणसाने, पायाला सूज येणाऱ्याने आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्याने पहिली रांग मिळते का ते आधी पाहावं. तिथे स्वयंपाकघराचा उजेड आणि भांड्यांचा आवाज येतो. डोळ्यांवरची पट्टी आणि कापसाचे बोळे त्यावर पुरतात.

आणखी एक सावधगिरी. इंडिगो मुंबईहून युरोपला ‘स्ट्रेच’ नावाने जी पुढची केबिन विकते, ती नॉर्स अटलांटिककडून भाड्याने घेतलेल्या ७८७-९ मधली आहे. ती सीट रुंद आहे, मागे कलते, पण पलंगासारखी सपाट होत नाही. इकॉनॉमीपेक्षा नक्की बरी; फक्त ती बिझनेस क्लासच्या रकान्यात घालून तुलना करू नका.

रात्र कुठे जाते ते मोजा

भारत आणि ब्रिटन यांच्यात उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक. मुंबईहून रात्री दोनला निघालेलं विमान उन्हाळ्यात सकाळी सातच्या सुमारास हीथ्रोला टेकतं. ही झोपायची फ्लाइट. इथे सपाट पलंगाला किंमत आहे. दुपारच्या फ्लाइटमध्ये तुम्ही जेवता, सिनेमा बघता, तासभर डुलकी काढता. परतीला लंडनहून रात्री साडेनऊला निघालं की उन्हाळ्यात मुंबईला सकाळी अकराच्या आसपास पोचता, आणि जेवण उरकून झोप मिळते जेमतेम सहा तास. म्हणून परतीला जेवण लाउंजमध्ये करून घ्या आणि चढल्या चढल्या ‘मला उठवू नका’ असं सांगून झोपा.

दोहामार्गे जाताना हेच गणित दोनदा करा. मोपाहून पहाटे निघणार असाल तर घरातून मध्यरात्रीच बाहेर पडायचं. पेडणे, म्हापसा, पणजीवाल्यांना त्याचं काही वाटत नाही. काणकोण किंवा सांगेहून येणाऱ्याची मात्र सगळी रात्र गाडीतच जाते. त्याची खरी झोप दोहानंतरच्या सात तासांत. तेव्हा त्याच टप्प्याचं विमान सगळ्यात काटेकोरपणे निवडायचं. पहिल्या टप्प्याच्या लहान विमानात काय मिळतं याने फार फरक पडत नाही. दोह्यातला थांबा दोन ते चार तासांचा असावा. त्याहून लांब असेल तर अल मुरजान लाउंज चांगला आहे, पण वयस्कर माणूस लाउंजमध्ये कितीही छान खुर्चीवर बसला तरी दमतोच.

प्रवासाचा कालावधी जुन्या अनुभवावरून धरू नका. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, त्यामुळे एअर इंडियाच्या पश्चिमेकडच्या काही उड्डाणांना वळसा पडला. परदेशी कंपन्यांना ती बंदी लागू नव्हती. आणि २३ जून २०२५ ला कतारनेही काही तास आपलं आकाश बंद केलं होतं, हजारो प्रवासी वाटेत अडकले. अशा दिवशी एका पीएनआरवाल्याला पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम असतं. दोन तिकिटंवाला आपला आपण.

तिकिटाच्या आत काय आहे

बिझनेस क्लासचं तिकीट म्हणजे सगळं आलंच, असं आता राहिलं नाही. कतारच्या सगळ्यात स्वस्त बिझनेस भाड्यात आणि एमिरेट्सच्या तशाच ‘स्पेशल’ भाड्यात लाउंज धरलेला नसतो. काही भाड्यांत सीट आधी निवडायलाही पैसे पडतात. दर बघताना भाड्याचं पूर्ण नाव वाचा आणि त्याखाली चार गोष्टी शोधा: लाउंज, सीट निवड, तारीख बदलायचा आकार, रद्द केल्यास परतावा. सामानही वेगळं असतं. ब्रिटिश एअरवेज बिझनेसला ३२ किलोच्या दोन बॅगा देते, कतार आणि एमिरेट्स या मार्गावर एकूण ४० किलो. काजू, कोकम, मसाल्याचे डबे आणि नातवंडांचा खाऊ नेणाऱ्या आजीच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

‘मिक्स्ड केबिन’ असा शेरा दिसला तर थांबा. एखादा टप्पा इकॉनॉमीत आहे असा त्याचा अर्थ. गोवा–मुंबई इकॉनॉमीत असेल तर काही बिघडत नाही, तासाभराचाच प्रश्न. पण लांबचा टप्पा इकॉनॉमीत आणि छोटा बिझनेसमध्ये, अशीही तिकिटं यादीत वर येतात.

विलंबाचा कायदाही तुलनेत धरा. लंडनहून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला ब्रिटनचा नुकसानभरपाईचा नियम लागू असतो. साडेतीन हजार किलोमीटरच्या पुढच्या प्रवासात कंपनीच्या चुकीने चार तासांहून जास्त उशीर झाला, तर माणशी ५२० पौंड मिळतात. जाताना मात्र हा हक्क ब्रिटिश किंवा युरोपीय कंपनीने गेलात तरच.

पैशांचा हिशेब

बिझनेसच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे, आधी १२ होता, इकॉनॉमीवर ५. परतीच्या तिकिटात ब्रिटनचा प्रवासी करही असतो, आणि तो बिझनेसवाल्याला इकॉनॉमीच्या दुपटीहून जास्त पडतो. म्हणून तुलना नेहमी शेवटच्या पानावरच्या एकूण रकमेची करा.

त्यानंतर ती रक्कम सपाट पलंगावर झोपायला मिळणाऱ्या तासांशी ताडून बघा. समजा, एका तिकिटाचे तुमच्या इकॉनॉमी भाड्यापेक्षा ₹१,२०,००० जास्त जातायत आणि येऊन-जाऊन खऱ्या झोपेचे बारा तास मिळतायत: तासाला ₹१०,०००. दुसरं ₹९०,००० जास्त, पण झोप सहाच तास: तासाला ₹१५,०००. स्वस्त दिसणारं दुसरं तिकीट महाग निघालं. आकडे मनचे आहेत, रीत मात्र वापरून बघा.

याच हिशेबाने मी बहुतेकांना सांगते की पैसे बेताचे असतील तर रात्रीची फ्लाइट बिझनेसने आणि दिवसाची प्रीमियम इकॉनॉमीने करा. परतीच्या एकाच तिकिटात दोन वेगळे वर्ग निवडता येतात. डिसेंबर आणि चवथीच्या आसपास दर चढतात, कारण तिकडची अर्धी माणसं त्याच आठवड्यात घरी यायला निघतात. चवथीआधी जाऊन चवथीनंतर परत यायचं म्हटलं तर गर्दी उलट्या दिशेची असते.

तिकीट काढल्यावर

सीट त्याच दिवशी निवडा. व्हीलचेअर हवी असेल तर किमान ४८ तास आधी नोंदवा. मोठ्या विमानतळांवर चालणं खूप होतं, हे धडधाकट माणसांनाही लागू. शाकाहारी, मधुमेही असं जेवण हवं असेल तर तेही याच वेळी मागून ठेवा. ट्रॅव्हल एजंटकडून तिकीट घेतलं असेल तर कंपनीच्या साइटवर तो पीएनआर उघडून आपला स्वतःचा फोन आणि ईमेल आहे ना ते बघा, नाहीतर बदलाचा निरोप एजंटाच्या मेलमध्येच पडून राहतो.

महिन्यातून एकदा बुकिंग उघडून सीट नंबर बघा. तुम्ही ७के घेतली होती आणि आता भलताच नंबर दिसतोय, किंवा नकाशातली ओळच बदललीय, तर विमान बदललं असं समजा. लगेच फोन करा, आणि त्याच दिवसाच्या दुसऱ्या फ्लाइटचा नंबर हाताशी ठेवूनच करा. ‘मला यात हलवा’ असं नेमकं मागितलं की काम लवकर होतं. हलवलं नाही, तर निदान नव्या नकाशातली आइलची जोडी बाकीच्या प्रवाशांच्या आधी पकडा. निघायच्या आदल्या संध्याकाळी फ्लाइटरडार२४ वर एकदा शेवटचं बघा, आणि चेक-इन उघडताच बोर्डिंग पास फोनमध्ये घेऊन आईच्या पर्समध्ये त्याची कागदी प्रतही ठेवा.